रॉय मॉडेल: कोलोस्टॉमीच्या पेशंटचा फोकल स्टिम्युलस नेमका कोणता?

बीएस्सी_तिसरं_वर्ष
रॉय यांच्या नर्सिंग मॉडेलने (पेशंट बदलाशी कसं जुळवून घेतो, हे पाहणारं) केअर प्लॅन लिहायचाय. केस: वय ५२, एसटी ड्रायव्हर, सिग्मॉइड कोलोस्टॉमी (मोठ्या आतड्याचं तोंड पोटावर काढलेलं, मल पिशवीत जमतो), ऑपरेशननंतरचा चौथा दिवस. पिशवी बदलताना तोंड फिरवतात, सगळं बायको करते. पिशवी कातडीला धरून ठेवणाऱ्या प्लेटच्या कडेने गळतं, खालची कातडी लाल झालीय. चारही मोडखाली (फिजिऑलॉजिकल, सेल्फ-कन्सेप्ट, रोल फंक्शन, इंटरडिपेन्डन्स) फोकल म्हणून 'कोलोस्टॉमी'च लिहायचं का? मग कॉन्टेक्स्च्युअलमध्ये काय उरतं? आणि रेसिड्युअलचं काय?

वॉर्डसिस्टर
फोकल पेशंटचा नसतो, एकेका बिहेवियरचा असतो. आधी बिहेवियर लिहून काढा, मग प्रत्येकासमोर विचारा: हे आत्ता कशामुळे होतंय? 'कातडी लाल' याचा फोकल म्हणजे प्लेटखाली झिरपणारा मल. भोक मोठं कापलंय, पोटाला घडी पडते, घाम येतो, हे त्यात भर घालणारे, म्हणजे कॉन्टेक्स्च्युअल. 'तोंड फिरवतात' याचा फोकल स्टोमा (पोटावर काढलेलं आतड्याचं तोंड) नजरेस पडणं; वास, बिनपडद्याची खाट, शेजारच्या खाटेभोवतीचे नातेवाईक हे कॉन्टेक्स्च्युअल. त्यांना विटाळ वाटत असावा, हा झाला तुमचा अंदाज, म्हणून रेसिड्युअल. ते स्वतः तसं बोलले की तिथून खोडून कॉन्टेक्स्च्युअलमध्ये घ्या. बहुतेक वह्यांत रेसिड्युअलपुढे 'निल' असतं. म्हणजे पेशंटशी कुणी बोललेलंच नाही.

पायऱ्या सहा: बिहेवियरचं असेसमेंट, स्टिम्युलसचं असेसमेंट, डायग्नोसिस, गोल, इंटरव्हेन्शन, इव्हॅल्युएशन. पहिल्या दोन एकत्र केल्या की पुढे सगळा घोळ होतो. डायग्नोसिसमध्ये बिहेवियर आणि त्याचा स्टिम्युलस दोन्ही हवेत. नुसतं 'बॉडी इमेज डिस्टर्ब्ड' लिहून हाती काही लागत नाही. गोल बिहेवियरचा, मुदतीसह: 'दोन दिवसांत पिशवी बदलताना स्टोमाकडे पाहतील'. इंटरव्हेन्शन मात्र स्टिम्युलसवर: पडदा ओढा, वास घालवा, गळती थांबवा. 'धीर दिला' हे इंटरव्हेन्शन म्हणून लिहू नका.

स्टोमा_क्लिनिक
गळतीचं सांगते. गेजने (मापाच्या पट्टीने) स्टोमा मोजा, प्लेटचं भोक त्यापेक्षा २ ते ३ मिमी मोठं कापा. त्याहून लहान केलं तर कड स्टोमाला घासते, मोठं केलं तर कातडी मलात भिजते. तेलकट साबण आणि वाइप्स नकोत. त्यांचा थर राहतो आणि प्लेट धरत नाही. कोमट पाण्याने पुसा, टिपून कोरडं करा, प्लेट लावल्यावर तळहात एक-दोन मिनिटं दाबून ठेवा. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची, नाहीतर वजनाने प्लेट ओढली जाते. सूज ६ ते ८ आठवडे उतरत राहते, त्यामुळे त्या काळात माप पुन्हा पुन्हा घ्यावं लागतं. डिस्चार्ज कार्डावर आजचं माप कायमचं म्हणून लिहून देऊ नका. स्टोमा लालसर, ओला हवा. काळा-जांभळा दिसला तर केअर प्लॅन राहू द्या, आधी सर्जनला बोलवा.

लाल कातडी फिजिऑलॉजिकल मोडमध्ये 'प्रोटेक्शन'खाली जाते, एलिमिनेशनखाली नाही. इलिओस्टॉमी (लहान आतड्याचं तोंड बाहेर) असती तर फ्लुइड-इलेक्ट्रोलाइट सगळ्यांत आधी लिहायला सांगितलं असतं.

ट्यूटर_मेडसर्ज
रोल फंक्शन दोन ओळींत उरकू नका. प्रायमरी रोल: ५२ वर्षांचा पुरुष. सेकंडरी: नवरा, बाप, ड्रायव्हर. टर्शरी: भजनी मंडळ असेल तर ते. ड्रायव्हरला तासन्‌तास बसायचं असतं, पट्टा स्टोमावर येतो का, वाटेत पिशवी कुठे रिकामी करणार, हे आजच विचारा. बायको सगळं करते हे इंटरडिपेन्डन्समध्ये लिहा: घेणं आहे, देणं थांबलंय. पहिलं काम लहान द्या, फक्त क्लिप उघडून पिशवी रिकामी करणं. प्लेट कापणं नंतर.

जुळवून घेण्याची लेव्हल 'कॉम्प्रोमाइज्ड' (जुळवून घेणं जमतच नाही) लिहायची घाई नको. चौथ्या दिवशी तोंड फिरवणं मी तरी 'कॉम्पेन्सेटरी' (जुळवून घेण्याची धडपड चालू) असंच धरेन.

व्हायव्हासाठी: सिस्टर कॅलिस्टा रॉय यांनी मॉडेलचं काम यूसीएलएमध्ये डोरोथी जॉन्सन यांच्या हाताखाली शिकताना सुरू केलं, लहान मुलं बदलाशी किती पटकन जुळवून घेतात, हे त्यांनी बालविभागात पाहिलं होतं. पहिला लेख १९७० चा, 'नर्सिंग आउटलुक'मध्ये. फोकल-कॉन्टेक्स्च्युअल-रेसिड्युअल ही विभागणी हॅरी हेल्सन यांच्याकडून घेतलेली आहे. परीक्षक इथे हमखास अडवतात.

बीएस्सी_तिसरं_वर्ष
आणि रेग्युलेटर-कॉग्नेटरचा वेगळा रकाना करायचा का?

वॉर्डसिस्टर
नको. त्या जुळवून घेण्याच्या आतल्या यंत्रणा आहेत, रेग्युलेटर शरीराची आपोआप चालणारी, कॉग्नेटर विचार-भावनांची; थेट दिसत नाहीत, बिहेवियरवरून ओळखायच्या. प्लेट काढताना नाडी वाढली, घाम फुटला, तर रेग्युलेटर. 'हे बंद कधी होणार?' असं विचारलं, तर कॉग्नेटर. बिहेवियरपुढे कंसात 'रे' किंवा 'कॉ' लिहा, पुरे. तो प्रश्न मात्र त्यांच्याच शब्दांत उतरवा आणि स्टोमा तात्पुरता की कायमचा, हे सर्जनकडून पक्कं करूनच उत्तर द्या.