'रिसेटलमेंट'ला 'पुनर्वसन' म्हणावं का? (सोबत निर्वासित, शरणार्थी, आश्रयार्थी)

मूळ प्रश्न

निर्वासितांचं संरक्षण आणि त्यांची पुढची सोय हा माझ्या धोरण-संशोधनाचा विषय. आजवर सगळं इंग्रजीत लिहिलं. आता एक टिपण मराठीत लिहायला घेतलं आणि पहिल्याच पानावर अडले. नेपाळमधल्या भूतानी निर्वासितांबद्दल लिहिलं होतं, "हजारो लोक छावण्यांत पुनर्वसनाची वाट पाहत होते." वडिलांना वाचून दाखवलं. आमचं गाव धरणात गेलं तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. ते लगेच म्हणाले, "म्हंजे यांचीबी जमीन मिळायची ऱ्हायलीय का?"

त्यांचं काहीच चुकलं नाही. महाराष्ट्रात 'पुनर्वसन' म्हटलं की धरणग्रस्त, सातबारा आणि गावठाणातला प्लॉट डोळ्यांसमोर येतो. मला सांगायचं होतं ते वेगळंच. नेपाळी बोलणाऱ्या या लोकांना 1990 नंतर भूतान सोडावं लागलं. झापा आणि मोरंग जिल्ह्यांतल्या छावण्यांत त्यांची पंधरा-सोळा वर्षं गेली. भूतानने परत घेतलं नाही, नेपाळने नागरिकत्व दिलं नाही. मग 2007 पासून एक लाखाहून जास्त लोक अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा देशांत कायमचे राहायला गेले, त्यातले बहुतेक अमेरिकेत. पहिला देश सुटला, दुसऱ्याने आसरा दिला, तिसऱ्याने घर दिलं. यातला तिसरा टप्पा म्हणजे रिसेटलमेंट. तो फार थोड्यांच्या वाट्याला येतो: जगातल्या निर्वासितांपैकी वर्षाला एक टक्काही नाही. याला मराठीत काय म्हणाल?

प्रतिसाद

ताई, मी कोल्हापूरचा. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आमच्या गांधीनगरात आहे. आज तिथे कापडाची घाऊक बाजारपेठ आहे, पण त्याआधी तो वळिवड्याचा कॅम्प होता. 1943 ते 1948 या काळात तिथे सुमारे पाच हजार पोलिश लोक राहिले. त्यांत बायका आणि मुलंच जास्त. सोव्हिएत राजवटीने त्यांना घरातून उचलून सायबेरियाकडे नेलं होतं, तिथून सुटून ते इराणमार्गे इथवर आले. युद्ध संपलं तोवर पूर्व पोलंडमधली त्यांची गावं सोव्हिएत संघात गेली होती. म्हणून बरेच जण पोलंडला न जाता इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा इकडे गेले.

त्याच बराकींत मग सिंधी कुटुंबं आली. ती मात्र कुठे गेली नाहीत. इथेच दुकानं घातली, इथलीच झाली. म्हणजे सिंध्यांचं झालं ते पुनर्वसन, आणि पोलिश लोकांचं झालं ते तुमचं रिसेटलमेंट. जागा एक, बराकी त्याच, पण शब्द एक चालणार नाही. माझ्या मते 'तिसऱ्या देशात वसवणे' असं सरळ लिहावं. 'पुनर्स्थापन' नको, मूर्तीची पुनर्स्थापना केल्यासारखं वाटतं.

प्रतिसाद

मी आधी 'निर्वासित'कडे वळतो. 'ज्याला निवास उरला नाही तो निर्वासित' असं अनेकांना वाटतं. संस्कृतात मात्र त्याचा अर्थ 'घालवून दिलेला' असा आहे. कुणीतरी घालवलं, हे त्या शब्दातच आहे, म्हणून रेफ्युजीसाठी तो मला नेमका वाटतो. हिंदीतला 'शरणार्थी' आता आपल्या बातम्यांतही दिसतो, पण मराठीत 'पोलिसांना शरण' म्हणजे हार पत्करून हवाली होणं. जीव वाचवायला आलेल्या माणसावर ही छटा कशाला? फाळणीनंतर आलेल्या अनेकांना तो शब्द खुपायचा. आम्ही शरणार्थी नाही, पुरुषार्थी आहोत, असं ते म्हणत.

असायलम सीकरसाठी 'आश्रयार्थी' घ्या: ज्याने आश्रय मागितलाय, पण अर्जाचा निकाल लागलेला नाही. आणि देशाची हद्द न ओलांडता घर सुटलेल्यांना 'विस्थापित'. काश्मिरी पंडितांना सर्रास निर्वासित म्हणतात. त्यांचं दुःख कमी नाही, पण निर्वासितांबद्दलच्या 1951 च्या आंतरराष्ट्रीय करारातली व्याख्या त्यांना लागू होत नाही.

मूळ लेखिका

दोघांचेही मनापासून आभार. वळिवडे मला ठाऊक होतं, पण पोलिश आणि सिंधी असे शेजारी ठेवून कधी पाहिलं नव्हतं. 'आश्रयार्थी' घेतेय.

आता यापुढचा शब्द, माझ्या लेखी सगळ्यांत महत्त्वाचा. 1951 च्या कराराच्या कलम 33 मधलं 'नॉन-रिफूलमाँ': जिथे जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका आहे तिथे माणसाला परत पाठवायचं नाही. 'अप्रत्यावर्तन' हा प्रतिशब्द मला चुकीचा वाटतो. प्रत्यावर्तन म्हणजे परत जाणं, आणि स्वखुशीने परत जायला कुणाचीच ना नाही. मनाई आहे ती ढकलण्याला. मूळ फ्रेंच शब्दातही मागे रेटण्याचाच अर्थ आहे. आपण 'मरणाच्या दारात लोटणं' म्हणतोच, तेव्हा 'परत न लोटण्याचं तत्त्व' असं लिहितेय. कायद्याच्या भाषेत ते घरगुती वाटेल, वाटू दे. भारताने तो करार केलेला नाही, त्याला जोडलेला 1967 चा प्रोटोकॉलही नाही. त्यामुळे इथे वकिलाला संविधानाच्या कलम 21 चा आधार घ्यावा लागतो. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अरुणाचलातल्या चकमा निर्वासितांना त्याच कलमाखाली संरक्षण दिलं. जगण्याचा हक्क फक्त नागरिकांचा नाही, प्रत्येक व्यक्तीचा आहे. ज्याच्या गळ्याशी हे येतं, त्याला हे तत्त्व एका वाचनात कळलं पाहिजे.

पहिलं वाक्य आता असं केलंय: "तिसरा कुठला तरी देश आपल्याला कायमचं वसवून घेईल, याची वाट हजारो निर्वासित छावण्यांत पाहत होते." काल वडिलांना वाचून दाखवलं. या वेळी जमिनीचं काही निघालं नाही. "आणि तवर पोरं शिकत्यात कुठं?" एवढंच विचारलं. त्या छावण्यांत शाळा होत्या. आता टिपणाची सुरुवात त्या शाळांपासून करतेय.