ओवळ, बकुळ, रंजे: एकच झाड ना?

तळकोकणी: कुडाळच्या आमच्या घरामागे ओवळ होती. पहाटे खाली फुलांचा सडा पडायचा. आजी केळीच्या सोपात ती ओवायची. सुई लागायचीच नाही, फुलाला मधोमध भोक असतं. रस्ता रुंद झाला, त्यात झाड गेलं. आता आई माझ्याकडे बेळगावला आहे आणि अंगणात तिला ओवळच हवी. रोपवाटिकेत ओवळ कुणाला कळेना. बकुळ म्हटल्यावर तिथल्या माणसाने 'रंजे, रंजे' म्हणत रोप दिलं. घरी आलो तर शेजारचे काका म्हणतात, रंजे म्हणजे रांजण, म्हणजेच खिरणी! आईचं तोंड उतरलंय. मी नेमकं काय आणलं?

रानवाटा: ओवळ म्हणजेच बकुळ, निर्धास्त राहा. कन्नडमध्ये बकुळीला रंजे म्हणतात आणि मराठीत रांजण म्हणजे खिरणी, त्यामुळे हा घोळ होतो. दोन्ही चिकूच्याच कुळातली, सदाहरित. खिरणीच्या खुंटावर तर चिकूचं कलम बांधतात. म्हणून नुसता चीक बघून ठरवू नका, तो दोन्हींना येतो. पानाचं टोक बघा. बकुळीचं पान टोकाला निमुळतं, कडा लाटेसारखी वरखाली. खिरणीचं पान टोकाला बोथट, मध्ये खाच पडलेली. बाकी नावांचं म्हणाल तर केरळात इलंजी म्हणतात, आणि शास्त्रीय नावातलं 'एलेंजी' तिथूनच आलं. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये ते कायम केलं. मला याचं फार अप्रूप वाटतं, मलबारच्या माणसांचा शब्द जगभर टिकला.

बडोदेकर: आमच्याकडे बोरसली. हिंदीवाले मौलसिरी म्हणतात. सासर गोव्याचं, तिथे ओंवळां. सासूबाईंनी दिलेला वळेसर, म्हणजे या फुलांचा गजरा, साड्यांच्या कपाटात आहे, फुलं वाळून तपकिरी झालीत, पण दार उघडलं की वास येतोच.

तळकोकणी: आत्ताच विजेरी घेऊन बघून आलो. टोक निमुळतं, कडा वरखाली, खाच एकाही पानाला नाही. आईने स्वतः पान बोटांत धरून उजेडात फिरवलं आणि म्हणाली, 'ओवळच आसा.' रानवाटा, मनापासून आभार. बडोदेकर, वळेसर हा शब्द आईला वाचून दाखवला, आजीही तोच म्हणायची. खड्डा उद्या सकाळी, विहिरीच्या बाजूला.