मदत हवी आहे: म्हाळोजी घोरपड्यांसोबत कोण लढलं?

दादरच्या आमच्या मंडळात फेब्रुवारी १६८९ च्या संगमेश्वरवर बोलायचंय. मोगल सरदार मुकर्रबखानाचा छापा, संभाजीराजे आणि कवी कलशांची अटक, राजांसाठी लढताना पडलेले म्हाळोजी (संताजींचे वडील), एवढं सगळीकडे सापडतं. बाकीच्या शिलेदारांचं काय? चिटणीस बखर चाळली, ती शंभरेक वर्षांनंतरची. मासिर-इ-आलमगिरीचं (औरंगजेबाच्या कारकिर्दीचा फारसी इतिहास) जदुनाथ सरकारांचं भाषांतरही पाहिलं, पण ती मोगलांची बाजू. फितुरी कोणाची हा वाद इथे नको. त्यावर लोक रात्रभर भांडतात, जे जागेवर राहिले त्यांची नावं मात्र कुणालाच ठाऊक नसतात! फारसी येत नाही, मोडी अडखळत वाचतो, मुंबईबाहेर जाणं जमणार नाही. त्या लढाईत पडलेल्यांच्या वारसांना दिलेलं इनामपत्र किंवा महजर (सभेतला निवाडा-दस्तऐवज) छापील स्वरूपात कुठल्या साधनग्रंथात मिळेल?