मदत हवी आहे: नेपरव्हिलला घर घ्यायचंय, पण बाबा गाडी चालवत नाहीत

नमस्कार मंडळी,

नवऱ्याची बदली शिकागोला झाली आहे. ऑफिस लूपमध्ये, म्हणजे शहराच्या मध्यभागी, युनियन स्टेशनपासून चालत दहा मिनिटं. सध्या आम्ही जर्सी सिटीत भाड्याने राहतो, लेक ऑगस्टमध्ये सहावीत जाईल. ज्याला विचारावं तो एकाच उपनगराचं नाव घेतो: नेपरव्हिल. शाळा चांगल्या, वस्ती शांत, आपली माणसं भरपूर. सगळं मान्य. माझी अडचण वेगळीच आहे.

बाबा ७३ वर्षांचे. मध्य रेल्वेतून निवृत्त, डोंबिवलीत एकटे राहतात आणि उन्हाळ्याचे पाच-सहा महिने आमच्याकडे येतात. जर्सी सिटीत त्यांचं छान बस्तान बसलं होतं. सकाळी न्यूअर्क अव्हेन्यूवर भाजी, दुपारी लायब्ररी, संध्याकाळी स्टेशनबाहेरच्या बाकावर दोन गुजराती दोस्त. कुणाला 'मला सोड' म्हणायची वेळच येत नसे.

मार्चमध्ये घरं बघायला जाऊन आलो. एजंटने सगळी घरं दक्षिणेकडची दाखवली, ९५ स्ट्रीटच्या आसपास. प्रत्येकाला तीन गाड्यांचं गराज आणि मागे हिरवळ. व्हिडिओ कॉलवर बाबांना घर फिरवून दाखवत होते. त्यांनी स्वयंपाकघर बघितलं, बेसमेंट बघितलं आणि विचारलं, "कोपऱ्यावर काय आहे?" मी म्हटलं, "घर." "आणि त्याच्या पुढच्या कोपऱ्यावर?"

दुसऱ्या दिवशी मीच एका घरापासून किराण्याच्या दुकानापर्यंत चालत गेले. फुटपाथ आहे, चांगला रुंद, उगाच खोटं कशाला बोलू. पण पंचवीस मिनिटांत चालणारी मी एकटीच. रूट ५९ ओलांडताना बटण दाबून उभी राहिले, सिग्नल मिळाला आणि निम्म्या रस्त्यात आकडे उलटे मोजायला लागले. पलीकडे गेल्यावर एका बाईंनी गाडी थांबवून विचारलं, सगळं ठीक आहे ना, कुठे सोडू का? बिचाऱ्या भल्या मनाने विचारत होत्या.

आल्यावर थोडं वाचन केलं. १९५० मध्ये या गावाची वस्ती जेमतेम सात हजार होती, २०२० च्या जनगणनेत १,४९,५४०. मूळ गाव १८३१ मध्ये जोसेफ नेपरने ड्यूपेज नदीकाठी वसवलं, पुढे रेल्वे आली, आणि बाकी बहुतेक सगळं शेतं विकत घेऊन, मोटारी गृहीत धरून बांधलं गेलं. म्हणजे चालायची जागा असलीच तर जुन्या गावात असणार, असा माझा अंदाज. बरोबर आहे का? जुन्या गावात घर घेतलं तर शाळेच्या बाबतीत काही गमवावं लागतं का? नवऱ्याने २०४ या शाळा-डिस्ट्रिक्टचा धोशा लावला आहे.

---

डुपेजकर: चौदा वर्षं इथे आहे, २०४ मध्येच. आधी एक सांगतो, पत्त्यात नेपरव्हिल लिहिलंय म्हणून शाळा ठरत नाही. गावात मुख्यतः दोन डिस्ट्रिक्ट, २०३ आणि २०४. दक्षिण टोकाला काही घरं प्लेनफिल्डच्या २०२ मध्येही जातात, आणि २०४ मधली कितीतरी मुलं शेजारच्या ऑरोरात राहतात. घराचा पत्ता डिस्ट्रिक्टच्या साइटवर टाकून बघा, एजंटच्या बोलण्यावर जाऊ नका. २०३ कुठेही कमी नाही. नेपरव्हिल नॉर्थ आणि सेंट्रल या त्यांच्याच शाळा. आपल्या लोकांत २०४ च्या न्यूक्वा व्हॅली शाळेचं नाव जास्त निघतं, कारण आपले लोक तिकडे जास्त राहतात, एवढंच.

प्रॉपर्टी टॅक्सही डोक्यात ठेवा. सहा लाख डॉलरच्या घराला वर्षाला बारा-तेरा हजार सहज. शिवाय इलिनॉयमध्ये बिल एक वर्ष मागून येतं, म्हणजे तुमच्या पहिल्या वर्षी येणारं बिल आधीच्या मालकाच्या काळातलं असेल. क्लोजिंगला, म्हणजे खरेदीचा व्यवहार पूर्ण होताना, ते पैसे त्याच्याकडून वळते करून घ्या.

साबुदाणा_वडा: ताई, अ‍ॅशबरी किंवा टॉल ग्रास या वस्त्यांकडे संध्याकाळी सहाला चक्कर मारा. तळ्याभोवती आजी-आजोबांची रांग असते. तेलुगू, तमिळ, गुजराती, मराठी सगळे. आमच्या सासूबाई आधी दोन महिने रडल्या, मग त्यांना नांदेडच्या एक काकू भेटल्या. आता जायचं नाव काढत नाहीत. :) किराण्याला मात्र आम्हीच नेतो. पटेल ब्रदर्स, मॉल ऑफ इंडिया, सगळं रूट ५९ च्या आसपास. आणि बालाजीचं मंदिर ऑरोरात, तिथेही गाडीशिवाय जमत नाही.

डुपेजकर: राइड ड्यूपेज म्हणून ज्येष्ठांसाठी गाडीची सोय आहे, पण आधी नोंदणी आणि मग बुकिंग. जरा पाय मोकळे करून येतो म्हणणाऱ्या माणसाला ते काय कामाचं?

जुनं_घर: तुमचा अंदाज अगदी बरोबर. आम्ही नेपरव्हिल स्टेशनच्या दक्षिणेला राहतो, डिस्ट्रिक्ट २०३. इथून निकल्स लायब्ररी रमतगमत वीस मिनिटं. लायब्ररीला लागूनच रिव्हरवॉक. गावाला दीडशे वर्षं झाली म्हणून १९८१ मध्ये लोकांनी अंगमेहनत करून बांधायला घेतला. विटांची वाट, लाकडी छपराचे पूल आणि बाकंच बाकं. पुढे सेंटेनियल बीच. नाव बीच, पण ती दगडाची जुनी खाण आहे, शंभरीच्या निमित्ताने १९३१ मध्ये तिचा तलाव केला. नवरोबांना गाडीही नको. एक्सप्रेस मिळाली तर पाऊण तासाच्या आत युनियन स्टेशन. फक्त स्टेशन कुठलं ते नीट बघा. रूट ५९ नावाचं दुसरं स्टेशन आहे, तिथे उतरलं की चहूबाजूंनी पार्किंगच.

आता वाईट बाजू. तेवढ्याच पैशात घर लहान मिळेल आणि जुनं मिळेल. आमचं १९२० च्या दशकातलं आहे, जिन्यावरून सोफा वर गेला नाही, अजून खालीच आहे. बेसमेंट असेल तर पाणी उपसणारा पंप आणि त्याला बॅटरीचा बॅकअप आहे का ते तपासा. एप्रिलच्या पावसात वीज गेली तेव्हा आम्ही रात्री तीनला बादल्या उपसत होतो. आणि मालगाड्या. तीन ट्रॅक आहेत, रात्रभर चालू. पहिला महिनाभर मला झोप नव्हती.

धागाकर्ती: सगळ्यांचे खूप आभार. जुनं_घर, तुमचा प्रतिसाद बाबांना फोनवर वाचून दाखवला. लायब्ररी ऐकून घेतली, बाकं ऐकून घेतली. मालगाड्यांपाशी आल्यावर म्हणाले, "थांब. तीन ट्रॅक? इंजिनं कुठली?" नवरा अजून २०४ वर अडून आहे, पण पुढच्या शनिवारी स्टेशनजवळची दोन घरं बघायला तयार झालाय. बाबांचा एक प्रश्न आहे, हसू नका: तिकीट न काढता प्लॅटफॉर्मवर बसू देतात का?

जुनं_घर: देतात. फलाट उघडा आहे, कोणी विचारत नाही. लांब पल्ल्याच्या अ‍ॅमट्रॅकच्या गाड्याही इथे थांबतात. कॅलिफोर्निया झेफिर दुपारी शिकागोहून निघते, थोड्याच वेळात इथे येते. उशिरा आली तर बाबांना सवय असेलच.