मदत हवी आहे: एक्स-रे लेझर आणि लोह-५७, उत्तर अशक्य येतंय

वाशी_एमएस्सी
‘एक्स-रेने अणुकेंद्रकांचं नियंत्रण’ या विषयावरच्या सेमिनारसाठी गणित करतोय: एक्स-रे लेझरची पल्स लोह-५७ च्या पत्र्यावर पडली तर किती केंद्रकं उत्तेजित होतील, म्हणजे वरच्या ऊर्जापातळीवर जातील? फोटॉनची ऊर्जा १४.४ केईव्ही (किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट), एका पल्समध्ये एक लाख कोटी फोटॉन, ठिपक्याचा व्यास १०० नॅनोमीटर. लोह-५७ चा अनुनादी काटछेद (नेमक्या ऊर्जेच्या फोटॉनसाठी केंद्रकाचं जणू लक्ष्य-क्षेत्रफळ) २५.६ लाख बार्न (क्षेत्रफळाचं एकक). गुणाकार केला की दर अणुकेंद्रकामागे ३२,००० उत्तेजना येतात! कुठे चुकतंय?

घोडबंदर
तुम्ही सगळेच फोटॉन अनुनादी धरलेत. सीड न केलेल्या (आधी एकाच ऊर्जेचा किरण न पेरलेल्या) पल्सची ऊर्जेतली पसरण साधारण २० ईव्ही असते, तर अणुकेंद्रकाची शोषणरेषा जेमतेम ४.६६ नॅनोईव्ही रुंद. म्हणजे सुमारे ४३० कोटी फोटॉनांमागे एकच कामाचा. अख्ख्या पल्समध्ये २३० च्या आसपास उरतात आणि एखादं केंद्रक उत्तेजित होण्याची शक्यता येते दहा लाखांत सात-आठ.

नेरूळ_भौतिकी
बरोबर. पण १०० नॅनोमीटरचा आग्रह सोडा. एवढ्या फोटॉनांत २.३ मिलीज्यूल असतात आणि ते जवळपास सगळे इलेक्ट्रॉनच शोषतात. उत्तेजित अवस्थेचं सरासरी आयुष्य १४१ नॅनोसेकंद, तेवढ्यात पत्र्याची वाफ होते आणि मोजायला काही उरत नाही. आधी सिलिकॉन स्फटिकांचा मोनोक्रोमेटर (ठरावीक ऊर्जेचेच फोटॉन गाळून घेणारी रचना) लावून पसरण १ मिलीईव्हीवर आणा. उष्णता वीस हजार पटींनी घटते, अनुनादी फोटॉन मात्र स्फटिकातली गळती सोडता तेवढेच राहतात. तरीही १०० नॅनोमीटरवर वाफ होतेच. ठिपका १० मायक्रोमीटर ठेवलात तर तापमान दहा-वीस अंशच वाढेल. पत्रा समृद्ध लोह-५७ चा घ्या, नैसर्गिक लोखंडात ते फक्त २.१ टक्के असतं.

वाशी_एमएस्सी
आभारी आहे, सर. पण शक्यता इतकी कमी, तर ‘नियंत्रण’ कशाला म्हणतात?

घोडबंदर
सगळी केंद्रकं एकदम वरच्या पातळीवर नेणं आजच्या पल्सना जमत नाही. जमतं ते फेजचं (तरंगाच्या चढ-उताराच्या टप्प्याचं) नियंत्रण, आणि सेमिनारचा खरा गाभा तोच. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या सिंक्रोट्रॉनवरचा (वेगवान इलेक्ट्रॉनांपासून एक्स-रे देणाऱ्या यंत्रावरचा) प्रयोग वाचा. पल्स आधी एका लोह-५७ च्या पत्र्यातून जाते. बहुतेक भाग तसाच पुढे निघतो, थोडा मागाहून, अनुनादी होऊन बाहेर पडतो. या दोन भागांच्या मधल्या वेळात पिझोने (विजेचा दाब दिला की किंचित हलणाऱ्या स्फटिकाने) पत्रा अर्धी तरंगलांबी, म्हणजे ०.४३ अँगस्ट्रॉम (१ अँगस्ट्रॉम = ०.१ नॅनोमीटर) हलवला की मागच्या भागाची फेज उलटते. मग पुढच्या नमुन्यातली केंद्रकं आणखी उत्तेजित होणार की ऊर्जा परत सोडणार, हे त्या फेजवर ठरतं. पत्रा पिझोवर घट्ट चिकटवलेला हवा आणि कंपन अँगस्ट्रॉमच्या दहाव्या भागाहून बरंच कमी हवं, नाहीतर फेज पुसट होते.