मदत हवी आहे: छोटी भाषा निवडून फसलो का? (लुआ की पायथन)

नमस्कार मंडळी,

गावातल्या वाचनालयासाठी आम्ही चौघं हौसेने एक प्रोग्राम लिहितोय. पुस्तकांची यादी, कोणी काय नेलं, बस्स. दोघांनी आयुष्यात कधी कोड लिहिलेला नाही, म्हणून प्रोग्रामिंगची भाषा छोटीच हवी असा मीच हट्ट धरला. लुआ घेतली. तिच्या ५.४ आवृत्तीत राखीव शब्द (if, end असे भाषेने स्वतःसाठी ठेवलेले) फक्त २२. दोन रविवारांत सगळे लिहायला लागले.

मग गाडी अडली. स्वल्पविरामाशी ओळ तोडायला लुआत तयार स्प्लिट (तुकडे करणारं फंक्शन) नाही. प्रत्येकाने आपापलं लिहिलं. आता एकाच प्रोग्रामात चार स्प्लिट आहेत आणि रिकाम्या रकान्याचं काय करायचं ते चौघं चार तऱ्हेने ठरवतात. 'मराठी' या शब्दाची लांबी विचारली तर १५ येते, कारण मोजतात ते बाइट (साठवणुकीचं एकक). यूटीएफ८ची (अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या पद्धतीची) लायब्ररी वापरली की ५, काना-वेलांटी वेगळी धरून. (पायथनही ५च सांगतो. आपल्याला दिसणारी तीन अक्षरं दोघांनाही दिसत नाहीत, ते रडगाणं वेगळं.)

मला हे आधीच कळायला हवं होतं, कारण स्कीम या दुसऱ्या छोट्या भाषेने एकदा हात पोळलेत. तिचं १९९८चं प्रमाण वर्णन, आर५आरएस, जेमतेम ५० पानांचं, एसटीत बसून वाचून होतं. पण त्यात मॉड्यूलच (कोड वेगळ्या भागांत वाटायची सोय) नाहीत, त्यामुळे प्रत्येक इम्प्लिमेंटेशनने (भाषा चालवणाऱ्या प्रोग्रामने) वेगळी चूल मांडली. चिकन या एकावर लिहिलेलं माझं काम गाइल या दुसऱ्यावर चालेना. २००७च्या आर६आरएसमध्ये ती सोय आली, तर भाषा फुगली म्हणून बरेच जण रुसले. २०१३मध्ये पुन्हा छोटं आर७आरएस.

छोटी भाषा पटकन येते हे पाहिलं, पण लोक तिच्याबरोबर राहतात का? हजारेक ओळी झाल्यात. आत्ताच पायथनकडे वळू, की एक सामाईक फाइल करून लुआतच रेटू?

प्रतिसाद १
अहो, लुआ म्हणजे घरजावई. निओव्हिम (एडिटर), रेडिस (डेटाबेस), कितीतरी गेम्स, अशा दुसऱ्यांच्या प्रोग्रामांत राहतो: घर सासऱ्याचं, भांडीकुंडी सासऱ्याची, याने अंगावरच्या कपड्यांनिशी यायचं. तिथे छोटं असणं सोयीचंच. तुम्ही त्याला रिकाम्या खोलीत बिऱ्हाड थाटायला लावलंत. पायथनमध्ये सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेल्या ओळी) वाचायची सोय आणि एसक्यूलाइट (छोटा डेटाबेस) सोबतच येतात. राखीव शब्द ३५ आहेत, पण त्यावर कोणी अडलेलं मी तरी पाहिलं नाही. वळा.

धागाकर्ता
घरजावई पटला, आभार. आज एक फाइल पायथनमध्ये लिहून दाखवली. दोन्ही नवख्यांचा एकच प्रश्न: "काल यादी १ पासून मोजत होतो, आज ० पासून का?" यांना काय सांगू?