जागा देऊ केली तर नको म्हणायचं का? (आणि मुळात देऊ करायची का?)

खांबधारी

काल संध्याकाळी मेट्रोत एक मुलगी मला बघून ताडकन उठली आणि म्हणाली, "बसा ना काका." माझं वय ५९. आजवर उठणारा मी असायचो, बसवला जाणारा काल पहिल्यांदाच झालो.

मी म्हटलं, "नको नको, बस तू." ती म्हणाली, "नाही, बसा हो." मी म्हटलं, "अगं, मला पुढच्याच स्टेशनला उतरायचंय." धादांत खोटं. सात स्टेशनं बाकी होती. आता उठलेली ती परत बसेना आणि नको म्हटलेला मी बसू शकेना. त्या रिकाम्या सीटच्या दोन बाजूंना आम्ही दोघं देवळातल्या द्वारपालांसारखे उभे. पुढचं स्टेशन आलं. खोटं पचवायचं म्हणून मी गर्दीतून वाट काढत डब्याच्या दुसऱ्या टोकाला गेलो. वळून बघतो तर कानात इयरबड घातलेला एक पोरगा त्या सीटवर बसून डोळे मिटून मोकळा.

तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय. माझं मत आता असं झालंय की कुणी मागितल्याशिवाय जागा देऊ करू नये. देऊ करणारा समोरच्याच्या वयाचा, पोटाचा, गुडघ्यांचा अंदाज बांधतो आणि तो चारचौघांत जाहीर करतो. ज्याला गरज आहे त्याला तोंड आहे. त्यानं मागावं, आणि मागितल्यावर मात्र बसलेल्यानं कारण न विचारता उठावं. राखीव जागांचा प्रश्न वेगळा, तिथे नियम आहे. मी बाकीच्या जागांबद्दल बोलतोय.

लिंबूटिंबू

+१. मला एकदा एका आजींनी बसायला जागा दिली. "अशा अवस्थेत उभं राहू नये गं." अवस्था फक्त पोटभर जेवणाची होती. खरं सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून पाऊण तास पोटावर हात ठेवून बसले. त्या कुर्त्याचं आता पुसणं झालंय.

अनुस्वार

काका, तुमचा किस्सा मजेशीर आहे, मत नाही.

तिसऱ्या महिन्यात होते तेव्हाची गोष्ट. पोट दिसत नव्हतं. गरोदरपणातली मळमळ, गरगरणं, गळून जाणं हे बहुतेकींना पहिल्या तीन महिन्यांतच जास्त छळतं, म्हणजे नेमकं तेव्हा, जेव्हा बघणाऱ्याला काहीच कळत नाही. बसमध्ये वरच्या कडीला लटकत होते. समोरच्या बाईंच्या पिशवीतून कसलासा वास येत होता आणि मी खिडकीच्या गजावरचा सुटलेल्या रंगाचा एक पोपडा एकटक बघत होते. नजर हलवली की सगळं फिरायचं. तुम्ही म्हणता तोंड आहे तर मागावं. ते उघडलं असतं तर शब्द नाही, उलटी बाहेर पडली असती.

एका माणसानं माझ्याकडे पाहिलं, काही विचारलं नाही, उठला. त्यानं अंदाजच बांधला होता. तो चुकला असता तर मी फार तर "नको" म्हटलं असतं. त्यानं तुमचा नियम पाळला असता तर मी खाली पडले असते. या दोन चुका सारख्या नाहीत.

आकडेमोड

या वादावर खरोखर प्रयोग झालेला आहे. १९७० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये स्टॅनली मिलग्रॅम नावाचे मानसशास्त्रज्ञ होते (विजेच्या झटक्यांच्या प्रयोगामुळे गाजलेले तेच). त्यांच्या सासूबाईंनी तक्रार केली की हल्लीची तरुण मुलं भुयारी रेल्वेत म्हाताऱ्या बाईला जागा देत नाहीत. म्हणजे हे 'हल्लीची मुलं' प्रकरण किमान ५० वर्षं जुनं आहे. मिलग्रॅमनी विचारलं, "पण तुम्ही मागितलीत का?" आणि मग आपल्या विद्यार्थ्यांना कामाला लावलं: धडधाकट तरुणांनी बसलेल्या माणसासमोर जायचं आणि काहीही कारण न देता म्हणायचं, "मला तुमची जागा द्याल का?"

६८ टक्के लोकांनी जागा दिली, म्हणजे उठले किंवा सरकून जागा करून दिली. गंमत पुढे आहे. "मला उभं राहून पुस्तक वाचता येत नाही" असं फुसकं कारण दिलं तेव्हा हाच आकडा ४२ टक्क्यांवर आला.

खांबधारी

@आकडेमोड, वा! हेच तर म्हणतोय. मागा म्हणजे मिळेल, आणि कारणं सांगत बसू नका. धडधाकट पोरांना मिळाली तर गरजूला न मिळायला काय झालं? अनुस्वारताई, तुमच्या त्रासाबद्दल पूर्ण सहानुभूती आहे, पण एका प्रसंगावरून नियम कसा ठरवायचा?

अनुस्वार

तुमच्या धाग्यातही एकच प्रसंग आहे हो.

आणि त्या प्रयोगाचं उरलेलं अर्धं कुणी सांगितलंच नाही. विद्यार्थ्यांना हे काम नकोसं झालं होतं. मिलग्रॅम स्वतः करायला गेले तर शब्द घशातच अडकले, आणि कसंबसं विचारून जागा मिळाल्यावर ते मान खाली घालून बसले. आपण खरंच आजारी आहोत असं वागायची अनावर ऊर्मी त्यांना झाली. एक प्रोफेसर, अंगात दुखणं नाही, आणि जागा मागताना ही गत. आता त्या जागी चक्कर येणारी बाई किंवा कंबर धरलेला माणूस ठेवा. ६८ टक्के लोक देतात हे खरं. मागू शकणारे किती, ते मोजलंय का कुणी?

रात्रपाळी

तो इयरबडवाला मी नव्हतो, पण असू शकलो असतो. दहा तास उभ्यानं काम करून सकाळी बसमध्ये बसतो. वय २६. माझ्या चेहऱ्यावर लिहिलेलं नसतं. डोळा लागला की कुणीतरी मोठ्यानं म्हणतं, "झोपेचं सोंग बघा." कधी सोंगच असतं, कबूल. पण दर वेळी नाही.

मॉर्निंग वॉकचे बूट घातलेले आजोबा समोर उभे राहून खाकरतात तेव्हा मी उठतो. उठतो, पण मनात म्हणतो की आत्ता जास्त दमलेलं कोण आहे? वयावरून ठरवणं सोपं आहे म्हणून आपण वयावरून ठरवतो. ते बरोबर असेलच असं नाही.

स्टिअरिंग

बावीस वर्षं बस चालवतोय, म्हणून लिहितो. तुम्ही सगळे दमणूक आणि मान-अपमान यावर भांडताय. मला आरशात वेगळंच दिसतं.

प्रश्न तोल जाण्याचा आहे. मधे कुणी आडवा आला की मला ब्रेक मारावाच लागतो. तरुण माणूस दोन पावलं पुढे जातो, शिव्या देतो, विषय संपला. सत्तरीच्या माणसाचा हात दांड्यापर्यंत पोचायला जो अर्धा सेकंद जास्त लागतो, तेवढ्यात तो खाली असतो, आणि त्या वयात खुब्याचं हाड मोडलं की घरातलं सगळंच बदलतं. म्हणून @रात्रपाळी, तुझी दमणूक खरी आहे, पण दमणूक आणि पडणं एकाच तराजूत टाकू नकोस.

आता जागा देणाऱ्यांसाठी. मागच्या चाकावरची सीट उंच असते, खाली चौथरा असतो. गुडघेवाल्या माणसाला ती देऊन उपयोग नाही, त्याला चढता येत नाही आणि उतरताना तर फजिती. अगदी शेवटच्या रांगेची पण नको, खड्ड्यात तिथेच सगळ्यात जास्त उडायला होतं. खिडकीची देऊन स्वतः कडेला सरकू नका, त्यांना बाहेर निघताना तुमच्या पायांवरून जावं लागतं. दाराजवळची, कडेची, दांडा हाताशी असलेली जागा द्या.

आणखी एक. म्हातारी माणसं स्टॉप यायच्या आधीच उठून दाराकडे चालू लागतात, ड्रायव्हर थांबणार नाही या धास्तीनं. पडतात ती तेव्हा. तुमच्या शेजारी बसलेल्याला नुसतं म्हणा, "बसा, गाडी थांबल्यावर उठा, मी सांगतो ड्रायव्हरला." जागा देण्याइतकंच ते मोलाचं आहे.

लिंबूटिंबू

@स्टिअरिंग, दंडवत. चाकावरची सीट मी आजवर मोठ्या मनानं देत आलेय.

जुनापास

राखीव जागांचा प्रश्न वेगळा म्हणून धागाकर्त्यांनी तो बाजूला ठेवला, पण घोडं तिथेच अडतं. जपानमध्ये १५ सप्टेंबर १९७३ ला, ज्येष्ठांच्या सन्मानाच्या दिवशी, टोकियोच्या चुओ मार्गावर 'सिल्व्हर सीट' सुरू झाल्या. चंदेरी का, तर बुलेट ट्रेनच्या सीटांचं करड्या-चंदेरी रंगाचं कापड रेल्वेकडे पडून होतं, ते वापरलं. पुढे 'सिल्व्हर' हा शब्दच तिथे म्हातारपणासाठी रूढ झाला. उरलेल्या कापडाला एवढं नशीब क्वचितच मिळत असेल.

मुद्दा असा की राखीव जागा केल्या की बाकीच्या जागांवर बसलेल्यांना वाटतं, आपण सुटलो. हे ओळखून हान्क्यू या तिथल्या खाजगी रेल्वेनं १९९९ मध्ये वेगळ्या राखीव जागा काढून टाकल्या आणि जाहीर केलं की आमच्या गाडीतली प्रत्येक जागा गरजूसाठी आहे. कल्पना सुंदर. पण सगळ्यांची जबाबदारी ती कुणाचीच नाही, लोक उठेनात, तक्रारी आल्या, आणि २००७ मध्ये राखीव जागा परत आणाव्या लागल्या. म्हणून 'सगळे समजूतदार होतील' यावर माझा काडीचा विश्वास नाही. पाटी हवी.

ठोकताळे

पाटीनंही भागत नाही. वय लिहा. ६५ च्या वर असाल तर कार्ड दाखवा, जागा घ्या. विषय संपला.

अनुस्वार

@ठोकताळे, आणि मी काय दाखवायचं होतं, सोनोग्राफी?

यावर लंडनच्या भुयारी रेल्वेनं काढलेला उपाय मला पटतो. २००५ पासून गरोदर बायकांसाठी बिल्ला आहे. ज्यांचं दुखणं वरून दिसत नाही त्यांच्यासाठी २०१७ पासून दुसरा निळा बिल्ला आहे: 'कृपया मला जागा द्या' एवढंच लिहिलेला. तो घ्यायला डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. मागायचं काम बिल्ला करतो, तोंड उघडावं लागत नाही. दक्षिण कोरियात बुसानला तर गरोदर बाईच्या पर्समधल्या छोट्या यंत्रामुळे राखीव सीटजवळचा गुलाबी दिवा लागतो.

रात्रपाळी

डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही? मग मीही लावीन.

अनुस्वार

लाव. रोज लावून हिंडायची लाज वाटणार नाही इतका दमला असशील तर बस बाबा.

आकडेमोड

अवांतर: जागेचा विषय आहे म्हणून. अमेरिकेत काळ्यांनी गोऱ्यांसाठी बसमधली जागा सोडायची सक्ती होती त्या काळात रोझा पार्क्स ही काळी बाई १ डिसेंबर १९५५ ला माँटगोमेरी शहरात बसमधल्या जागेवरून उठली नाही, कारण ती दमली होती, असं सर्रास सांगितलं जातं. त्यांनी स्वतःच नंतर स्पष्ट केलं होतं की अंगानं त्या नेहमीपेक्षा जास्त दमलेल्या नव्हत्या, वयही ४२ च होतं. एका गोऱ्या उतारूसाठी त्यांच्या रांगेतल्या चौघांना उठायला सांगितलं होतं. तीन उठले. नऊ महिने आधी त्याच शहरात क्लॉडेट कॉल्व्हिन ही १५ वर्षांची काळी मुलगी अशीच बसून राहिली होती, तिचं नाव कुणी घेत नाही. उठणं सभ्यपणाचं कधी होतं आणि उठवणं कधी, यातला फरक लक्षात राहावा म्हणून लिहिलं. @ठोकताळे यांच्या कार्डाशी याचा संबंध नाही. अवांतर समाप्त.

लिंबूटिंबू

मूळ प्रश्नाकडे येऊ या का? द्यायची कशी? मी तर न बोलता उठून दाराकडे जाते, जणू उतरायचंय. समोरच्याला आभार मानायला नको, वयाचा उल्लेख नको.

जुनापास

आणि तिथे इयरबडवाला बसतो. धागा नीट वाचा. उठायच्या आधी नजर भेटली पाहिजे. बसल्या जागेवरून "बसताय?" एवढं विचारावं. काका, आजी, अवस्था, काहीही न जोडता. हो म्हटलं तर उठावं, नको म्हटलं तर बसून राहावं. त्या मुलीनं आधी विचारलं असतं तर द्वारपाल झालेच नसते.

अनुस्वार

विचारलं की शंभरातले नव्वद "नको" म्हणतात. आपल्याकडे पहिलं नको हे नको नसतंच. दुसऱ्यांदा विचारायचं की नाही, यावर वेगळा धागा काढावा लागेल.

खांबधारी

चार दिवसांनी परत आलो. उशिराबद्दल क्षमस्व.

नियम मीच काढला होता, तेव्हा आज करून बघितलं. बस भरलेली, माझ्यासमोर साधारण तिशीचा एक माणूस बसलेला, मोबाईलवर क्रिकेट बघत होता. मनात वाक्य तयार केलं: "मला जरा जागा द्याल का?" एक स्टॉप गेला. म्हटलं, ओव्हर संपू दे. ओव्हर संपली. मग जाहिरात लागली, हीच वेळ, म्हणून घसा खाकरला. त्यानं वर पाहिलं. आणि मी विचारलं, "स्कोर काय झाला?"

त्यानं सांगितला. अगदी सविस्तर.

नंतरचे सहा स्टॉप उभ्यानं काढले. अनुस्वारताई, जागा मागण्याबद्दलचं माझं मत तूर्त मागे घेतो. न विचारता देऊ नये, यावर मात्र ठाम आहे.

अनुस्वार

चालेल. पण काका, ५९ व्या वर्षी सहा स्टॉप उभं राहायचं म्हणून तुम्ही जागा मागणार होतात, असं वाटत नाही. गुडघा की कंबर?

खांबधारी

गुडघा. डावा. पावसाळ्यापासून.

स्टिअरिंग

मग चाकावरची सीट घेऊ नका. दारामागची दुसरी, कडेची. आणि गाडी थांबल्याशिवाय उठू नका.